साठ हजारांचा वारा

माझ्या लहानपणी सायकलचा आणि हवेचा संबंध टायरपुरता मर्यादित होता. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या वाड्याच्या कोपऱ्यावर एक पंपवाला बसत असे. त्याच्या हातावर दहा पैसे ठेवले की तो दोन्ही चाकांत हवा भरून देई आणि मागच्या टायरवर अंगठा दाबून ‘टाईट झाली’ असा निर्वाळा देई. हवा ही सायकलच्या आत असते आणि बाहेर असतो तो उन्हाळा, अशी माझी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत समजूत होती. सेहेचाळिसाव्या वर्षी मी ट्रायथलॉनला नाव नोंदवले आणि मला कळले की बाहेरही हवा असते, ती कापावी लागते, आणि ती कापणाऱ्या फ्रेमची किंमत ऐकली की माणसाच्या आतली हवा निघून जाते.

शर्यत गोव्यातली, २०१९ साली सुरू झालेली, अर्ध्या आयर्नमॅनची. त्यात समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, अंग पुसायला वेळ न घालवता ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि इतक्यावरही माणूस शुद्धीवर असेल तर २१.१ किलोमीटर धावायचे. सगळे मिळून ११३ किलोमीटर होतात. मैलांत हाच हिशेब ७०.३ भरतो म्हणून शर्यतीच्या नावातच तो आकडा आहे, आणि लेखापरीक्षणात तेवीस वर्षे घालवलेल्या मला दशांशचिन्ह असलेली शर्यत पाहताच तिच्याविषयी आपलेपणा वाटला. पोहण्याचे म्हणाल तर मी बुडत नाही, याला पोहणे म्हणत असतील तर मला पोहता येते. धावण्याचा सराव मी सेमिनरी हिल्सच्या चढावर करतो. तिथे मला मागे टाकणाऱ्या मॉर्निंग वॉकच्या आजोबांशी आता माझी चांगली ओळख झाली आहे. सुधारणेला वाव होता तो फक्त सायकलमध्ये, कारण सायकल हा तिन्हींपैकी एकच प्रकार असा आहे की ज्यात स्वतः न सुधारता वस्तू सुधारता येते.

माझा वेग ताशी पंचवीस किलोमीटरचा. त्या वेगाने ९० किलोमीटरला तीन तास छत्तीस मिनिटे लागतात. तो सत्तावीस झाला तर तीन तास वीस मिनिटे, म्हणजे सोळा मिनिटांची बचत. हे मी घरी जेवताना सहज बोलून गेलो. सहज म्हणजे आठवडाभर तयारी करून. पण आमच्या सौभाग्यवती ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात, आणि ज्या घरात बायको भौतिकशास्त्र शिकवते त्या घरात नवऱ्याला सहज काहीही बोलता येत नाही.

“पंचवीसचे सत्तावीस करायला ताकद किती जास्त लागेल ते काढले का तुम्ही?” तिने विचारले.

“आठ टक्के,” मी म्हणालो. सत्तावीस भागिले पंचवीस मला येते.

“हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी ताकद घनाने. सव्वापट लागेल. सव्वापट पाय आहेत का?”

नव्हते. म्हणूनच तर फ्रेम हवी होती. मी तिला समजावून सांगितले की या शर्यतीत पुढच्या सायकलच्या आडोशाने जायला मनाई असते, दोन सायकलींत १२ मीटरांचे अंतर राखावे लागते आणि न राखल्यास दंड होतो. म्हणजे प्रत्येकाने आपापला वारा स्वतःच खायचा असतो. मग मी माझा हुकमाचा एक्का काढला. २३ जुलै १९८९. तूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची एकेकट्याची शर्यत. अमेरिकेचा ग्रेग लेमंड पन्नास सेकंदांनी मागे होता आणि फ्रान्सचा लॉरां फिन्यों पुढे. फिन्योंने टोपी घातली नाही, त्याची केसांची शेंडी वाऱ्यावर उडत राहिली. लेमंड हवा कापणारी टोपी घालून, हातांची कोपरे जवळ घेऊन, डोके खाली घालून गेला. तीन आठवडे आणि तीन हजारांवर किलोमीटर चाललेली ती शर्यत लेमंडने आठ सेकंदांनी जिंकली. इतक्या कमी फरकाने ती आजवर दुसऱ्या कोणी जिंकलेली नाही.

“त्याने नवी फ्रेम घेतली होती का?”

“नाही, त्याने हँडलला पुढे दोन दांड्या लावल्या होत्या. बून लेनन नावाच्या स्कीइंगच्या प्रशिक्षकाला ती युक्ती सुचली होती. बर्फावरून घसरणारे खेळाडू हात पुढे करून वाकतात ना, तसे सायकलवर वाकायचे.”

“त्या दांड्या तुमच्याकडे आहेत. दिवाळीत घेतल्या. साडेतीन हजार.”

एक्का गेला. तरीही, सौ. ही मुळात दयाळू आहे, आणि मी या वयात याहून वाईट नादालाही लागू शकलो असतो हे ती जाणून आहे. तिने साठ हजारांची मर्यादा घातली आणि तिथल्या तिथे भागाकार केला. साठ हजार भागिले सोळा, म्हणजे मिनिटाला तीन हजार सातशे पन्नास रुपये. “पोहून आल्यावर मोजे घालायला तुम्हाला किती वेळ लागतो?” तिने पुढे विचारले. सरावात मोजलेला वेळ चार मिनिटांचा होता, कारण ओल्या पायावर मोजा चढत नाही आणि मला वाकता येत नाही. “म्हणजे पंधरा हजारांचे मोजे,” ती म्हणाली आणि ताक वाढू लागली.

त्यानंतरचे तीन महिने मी फ्रेम शोधण्यात घालवले. या काळात मला जेवढे ज्ञान झाले तेवढे बी. कॉम.च्या तीन वर्षांत झाले नव्हते. उदाहरणार्थ, साधी गोल नळी ही हवेच्या दृष्टीने अत्यंत उद्धट वस्तू आहे हे मला ठाऊक नव्हते. हवा तिच्या पुढच्या बाजूने नीट येते, पण मागच्या बाजूला तिला पुन्हा एकत्र होता येत नाही, तिथे भोवरे तयार होतात आणि ते नळीला मागे ओढतात. उलट, पाण्याच्या थेंबासारखा लांबट, मागे निमुळता होत गेलेला आकार घेतला तर हवा त्याला चिकटून सरकत जाते. फरक इतका आहे की एखाद्या बारीक गोल तारेला जेवढा विरोध होतो, जवळजवळ तेवढाच विरोध तिच्या दहापट जाडीच्या थेंबाकृती पट्टीला होतो. विमानांच्या पंखांसाठी असे आकार मोजून काढण्याचे काम अमेरिकेतल्या नाका या संस्थेने केले, आणि त्यांचे आकार पुढे सायकलच्या नळ्यांनी उचलले. पण पूर्ण थेंब घेतला तर नळी फार खोल होते, जड होते आणि बाजूच्या वाऱ्यात शिडासारखी फुगते. त्यावरचा उतारा एका जर्मन गृहस्थाच्या नावाने ओळखला जातो. वुनिबाल्ड काम यांनी १९३०च्या दशकात मोटारींसाठी असे दाखवून दिले की थेंबाची शेपटी मध्येच कापून टाकली तरी हवा बऱ्याच अंशी फसते आणि शेपटी तिथे आहेच असे समजून वागते. अनेक नव्या फ्रेमींच्या नळ्या अशा शेपूट कापलेल्या असतात. हवेला फसवता येते हे वाचून मला फार बरे वाटले. साठ हजारांत फसवता येईल का, एवढाच प्रश्न होता.

येत नव्हते. मोठ्या कंपन्यांची नवी ट्रायथलॉन सायकल काही लाखांच्या खाली मिळत नाही आणि वरच्या श्रेणीतली घ्यायची तर बेसा-बेलतरोडीकडचा एखादा प्लॉट विकावा लागेल, जो माझ्याकडे नाही. म्हणून मी नुसती फ्रेम घ्यायची आणि जुन्या सायकलची चाके, गिअर आणि पायडल तिच्यावर चढवायचे, असे ठरवले. हे ठरवणाऱ्या माणसाला फ्रेम म्हणजे काय हे कळलेले नसते. आपल्याला वाटते, फ्रेम म्हणजे सांगाडा, त्यावर काहीही बसेल. प्रत्यक्षात ती एका मोठ्या खानदानातली मुलगी असते आणि तिला आपल्याच खानदानातले सुटे भाग लागतात.

पहिली फ्रेम मला केवळ अठरा हजारांत मिळत होती. निळी, चकचकीत, परदेशातून आलेली. मी आनंदाने मालकाला होकार कळवायच्या बेतात होतो, तेवढ्यात चाकाचा आकार विचारायची बुद्धी झाली. चाके ६५०-सी मापाची निघाली. आपल्या रस्त्यांवरच्या रेसर सायकलींना ७००-सी लागते, ज्याच्या रिमचे माप ६२२ मिलिमीटर असते, हिचे ५७१. एके काळी ट्रायथलॉनच्या सायकलींना अशी लहान चाके लावण्याची पद्धत होती, नंतर ती गेली, आणि पद्धत गेली की टायरही जातात. सीताबर्डीतल्या तीन दुकानांत मी त्या मापाचा टायर विचारला. दोघांनी नाही म्हटले. तिसऱ्याने “कोणत्या गाडीचा?” असे विचारले, आणि मी सायकलचा म्हटल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी यापूर्वी फक्त खर्चाच्या पावत्या हरवलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहताना वापरली आहे.

दुसरीची चाके बरोबर होती, पण तिचा सीटपोस्ट, म्हणजे बैठकीचा दांडा, तिच्याच आकाराचा लागत होता. साध्या सायकलीला २७.२ मिलिमीटरचा गोल दांडा बसतो आणि तो कुठेही मिळतो. हिला खोलगट, निमुळता आणि त्या एका मॉडेलसाठीच बनवलेला हवा होता. मूळ दांडा मालकाकडून हरवला होता आणि ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केले होते. म्हणजे सायकल होती, बसायची सोय नव्हती. तिसरीचा बॉटम ब्रॅकेट आटे नसलेला, नुसता दाबून बसवायच्या जातीचा होता. बॉटम ब्रॅकेट म्हणजे पायडलचा आस फिरतो ती जागा. गोकुळपेठेतला माझा मेकॅनिक त्या जातीचे नाव निघताच खुर्चीवरून उठला. “सर, ते कुईकुई करते,” तो म्हणाला. “दाबा, ग्रीस लावा, काहीही करा, दोन महिन्यांनी पुन्हा कुईकुई. मग गिऱ्हाईक माझ्यावरच कुईकुई करते.” चौथीचा मागचा ब्रेक हवेपासून लपवण्यासाठी बॉटम ब्रॅकेटच्या खाली बसवलेला होता. कल्पना उत्तम आहे. हवेला तो दिसत नाही. पण पावसाळ्यातल्या चिखलाला तो बरोबर दिसतो, आणि पंक्चर काढायला चाक काढावे तर आधी नमस्काराच्या मुद्रेत जमिनीवर बसावे लागते.

आणि हे सगळे जुळले तरी पत्रिका जुळायची असते. फ्रेमच्या पत्रिकेत दोन ग्रह महत्त्वाचे, स्टॅक आणि रीच. बॉटम ब्रॅकेटपासून वर हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उंची म्हणजे स्टॅक आणि बॉटम ब्रॅकेटपासून त्याच माथ्यापर्यंतचे पुढचे आडवे अंतर म्हणजे रीच. ५४ किंवा ५६ असे जे साइझ लिहिलेले असतात त्यांना फारसा अर्थ नसतो. एका कंपनीचे ५४ दुसरीच्या ५६ इतके निघते, जसे आपल्याकडे एका घरातले ‘थोडे तिखट’ दुसऱ्या घरात सावजी ठरते. त्यात बैठकीच्या नळीचा कोन निराळा. साध्या रेसर सायकलीत तो ७३ अंशांच्या आसपास असतो; ट्रायथलॉनच्या सायकलीत ७६ ते ८० अंशांपर्यंत चढवतात, म्हणजे बैठक पुढे सरकते आणि पुढे झोपल्यावरही मांडी आणि धड यांच्यातला कोन मोकळा राहतो. मोकळा राहतो ही पुस्तकी व्याख्या झाली. त्या कोनात कोणाकोणाचे पोट राहते, याचा विचार तिथे केलेला नसतो.

पाचवी फ्रेम पाहायला मी मनीषनगरात गेलो तेव्हा सोबत आई होती. आईला फ्रेममध्ये काही रस नव्हता; पुढे बेशाला आमच्या एका नातलगांकडे वास्तुशांतीला जायचे होते आणि वाटेत पाच मिनिटे थांबायला तिची हरकत नव्हती. फ्रेम विकणारा मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला चालला होता. घर आवरलेले, दिवाणखान्यात फ्रेम सोफ्याला टेकवून ठेवलेली, तिच्या मागे मुलाची आई उभी, आणि आम्ही बसल्याबरोबर पोहे आले. हा सगळा देखावा मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. फ्रेम काळ्या कार्बनची, बारीक, देखणी. मुलाने फक्त दोनदा वापरल्याचे सांगितले. मुलाच्या आईने मान डोलावली. मी “उंची किती?” म्हणून विचारले आणि स्टॅकचा आकडा वहीत लिहून घेतला. किंमत पस्तीस हजार, बोलणी करता येतील.

कार्बनची एक खोड आहे. ॲल्युमिनियमला मार लागला तर पोचा दिसतो. कार्बन आतल्या आत सोसतो, वरचा रंग तसाच राहतो आणि आतले थर सुटलेले असतात. म्हणून जाणकार लोक नाण्याने नळी ठोकून पाहतात. शाबूत भागाचा आवाज स्पष्ट येतो आणि थर सुटलेल्या जागी दबका. हे मी वाचले होते, म्हणून खिशातून पाच रुपयांचे नाणे काढून मी वरच्या नळीवर टक, टक, टक असे वाजवू लागलो. मला सगळीकडून सारखेच टक ऐकू येत होते.

आई पोह्यांची बशी बाजूला ठेवून उठली. दर वर्षी मार्च उजाडला की रस्त्याच्या कडेला बसलेल्या कुंभाराकडे पंचवीस माठ वाजवून त्यातला एक घेणाऱ्या आणि चोवीस कुंभाराला परत करणाऱ्या स्त्रियांपैकी ती आहे. “असं नाही वाजवत,” असे म्हणत तिने नाणे माझ्या हातून घेतले, खाली ठेवले आणि उजव्या हाताचे मधले बोट दुमडून त्याच्या पेराने नळीवर टिचक्या मारत ती मागून पुढे आली. मागच्या नळीवर टण्ण. बैठकीच्या नळीवर टण्ण. खालच्या नळीवर, बॉटम ब्रॅकेटपासून चार बोटे पुढे, जिथे एका शर्यतीचा पिवळा स्टिकर लावलेला होता, तिथे ती थांबली. पुन्हा मारली. मान कलती करून कान जवळ नेला. तिसऱ्यांदा मारली.

“हे बद्द वाजतंय,” ती म्हणाली. “फुटकं आहे.”

मुलगा म्हणाला की काकू, तिथे आत तारा असतात, म्हणून आवाज वेगळा येतो. आई म्हणाली की तारा असतील तर खुळखुळेल, बद्द वाजणार नाही. खोलीत शांतता पसरली. शेवटी मुलानेच नखाने स्टिकरचा कोपरा उचलला आणि तो हळूहळू सोलला. खाली केसाइतकी बारीक, तिरपी रेघ होती, नळीच्या निम्म्या घेरापर्यंत गेलेली. मुलाचा चेहरा खरोखरच उतरला. स्टिकर त्याने लावलेला नव्हता, त्याला फ्रेम तशीच मिळाली होती, आणि तीवरून तो ताशी चाळीसच्या वेगाने गेलेला होता. “बरं झालं बाप्पा, पाणी नव्हतं भरलं यात,” असे म्हणून आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि उरलेले पोहे संपवले. बेशापर्यंत ती काही बोलली नाही. वास्तुशांतीच्या पंगतीत मात्र तिने शेजारच्या बाईंना सांगितले, “मुलगा साठ हजार घेऊन फिरतो, आणि त्याला माठ वाजवता येत नाही.”

तोवर मे महिना उजाडला. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस गाठतो आणि शहाणी माणसे पहाटे साडेचारला सायकल काढून साडेसातला घरात येतात. आउटर रिंग रोडवर त्या वेळी माल उतरवून परतणारे ट्रक, आम्ही चारपाच वेडे आणि कुत्री एवढेच असतो. शहरातले रस्ते सिमेंटचे आहेत, मजबूत आहेत, पण त्यांच्या दर काही मीटरवरच्या सांध्यांवरून दांड्यांवर ओणवे होऊन जाताना दातावर दात आपटतात. गुळगुळीत म्हणावा असा रस्ता म्हणजे समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटरचा, आमच्या शहरापासूनच सुरू होणारा. आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे. मी एकदा कडेला उभा राहून त्याच्याकडे पाहून आलो.

एका सकाळी मी घामाने निथळत घरी आलो तेव्हा सौ. दुधाच्या बिलाच्या पाठीमागे काहीतरी मांडत बसली होती. “हवा तापली की विरळ होते,” ती म्हणाली. “वीस अंशांच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशांची हवा किती विरळ? केल्विनमध्ये घ्या. दोनशे त्र्याण्णव भागिले तीनशे अठरा. शून्य पूर्णांक ब्याण्णव. म्हणजे विरोध आठ टक्क्यांनी कमी. तुमच्या त्या सगळ्या विरोधातला पाऊण हिस्सा तर तुमच्याच अंगाचा असतो. उरलेल्या पाव हिश्श्यात चाके, हँडल, बाटली आणि फ्रेम अशी चार भावंडे. त्यात एकट्या फ्रेमच्या वाट्याला येऊन येऊन किती येणार? त्यापेक्षा दुपारी दोन वाजता सायकल चालवा. आठ टक्के फुकट.”

“दुपारी दोनला मी मरेन.”

“तो खर्च वेगळा धरू.”

हिशेब बिनचूक होता. लेखापरीक्षक या नात्याने मी त्यावर सही करून द्यायला हवी होती. पण माणूस एकदा फ्रेम शोधायला निघाला की त्याला हिशेबाने थांबवता येत नाही, आणि खरे सांगायचे तर पाऊण हिस्सा माझ्या अंगाचा आहे हे मला आधीपासून माहीत होते. अंग कमी करायला तर्री पोहे सोडावे लागतात. फ्रेम घ्यायला फक्त पैसे लागतात. याच शहरातल्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचे सुमारे ४,८०० किलोमीटर बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने सायकलवर पार केले, हे मी सौ.ला ऐकवले. ती म्हणाली की त्यांचे मोजेही लवकर चढत असतील.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सहावी फ्रेम सापडली. वर्ध्याच्या एका सायकलपटूने नवी सायकल घेतल्यामुळे जुनी ॲल्युमिनियमची फ्रेम काढली होती. चाके ७००-सी. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा. बैठकीचा दांडा तिच्याच आकाराचा, पण सोबत होता. पुढचे चाक धरणारा चिमटा होता. नळ्या थेंबाकृती, वेल्डिंगच्या कडा जाडजूड, रंग दोन ठिकाणी उडालेला, आणि आईच्या सूचनेनुसार मी सगळीकडे बोटाचे पेर वाजवून पाहिले तेव्हा ती टण्ण वाजली. ॲल्युमिनियम तसे वाजणारच, पण मी वाजवले. चोवीस हजार रुपये मोजून मी ती खांद्याला लावली आणि वर्धा स्थानकावर एसटीत चढलो.

“हे काय घेऊन चालले भाऊ?” कंडक्टरने विचारले.

“सायकलची फ्रेम आहे.”

“चाकं?”

“नाहीत.”

“शीट, हँडल?”

“नाही.”

“मंग सायकल कशाची बाप्पा?” असे म्हणून त्याने सामानाचे तिकीट फाडावे की नाही, याचा बराच वेळ विचार केला. माझ्या शेजारी धोतर नेसलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी खालच्या नळीवरून तळहात फिरवला, चपटेपणा पाहिला, कडेवर बोट लावून धार पाहिली आणि विचारले, “हा कोन्ता नांगर व्हय?” हवा नांगरायचा आहे, असे मी सांगितले. त्यांना ते पटले असावे, कारण बुटीबोरी येईपर्यंत ते गप्प होते. बुटीबोरीला उतरताना मागे वळून म्हणाले, “बैल कुठी हायेत मंग?” मी उत्तर दिले नाही. बैल सगळ्या बसला दिसत होता.

घरी आल्यावर मी जुनी सायकल खोलायच्या आधी तिची सगळी मापे वहीत उतरवून घेतली, कारण कोणतेही खाते बंद करताना शिल्लक नोंदवावी लागते. त्यात सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे जमिनीपासून दांड्यांवरच्या कोपर टेकायच्या गाद्यांपर्यंतची उंची. ती ९८ सेंटिमीटर भरली. नव्या फ्रेमचा स्टॅक जुनीपेक्षा चार सेंटिमीटरने कमी होता. म्हणजे गाद्या ९४ वर येणार, धड तेवढे खाली जाणार, हवेला मी तेवढा कमी दिसणार. या चार सेंटिमीटरांसाठीच तर सगळा अट्टहास होता. मी ९४ हा आकडा शेजारच्या रकान्यात आगाऊ लिहून ठेवला, जे आमच्या खात्यात शिस्तभंगाचे कृत्य समजले जाते.

गोकुळपेठेत मेकॅनिकने दोन दिवसांत सगळे चढवले. तिसऱ्या दिवशी त्याने सायकल भिंतीला लावून धरली आणि मला वर बसवले. मी कोपरे गाद्यांवर टेकवली आणि पुढे झोपलो. उजवे पायडल वर आले तेव्हा गुडघा पोटाला भिडला. डावे वर आले तेव्हा दुसरा गुडघा भिडला. श्वास घ्यायचा तर एका गुडघ्याची वाट मोकळी होईपर्यंत थांबावे लागत होते.

“समोर काय दिसते सर?” त्याने विचारले.

“टायर.”

“रस्ता?”

“नाही.”

“ट्रक आला तर?”

मी मान वर करायचा प्रयत्न केला. मानेत कुठेतरी कट् असा आवाज झाला, तो त्यानेही ऐकला. त्याने मला खाली उतरवले, पाणी दिले आणि ड्रॉवरमधून पाच-पाच मिलिमीटरच्या काळ्या कड्या काढल्या. हँडलच्या खाली या कड्या घातल्या की हँडल तेवढे उंच होते. त्याने दोन घातल्या. मी बसून पाहिले. पोट. “आणखी एक वाढू?” त्याने विचारले. मी म्हटले, वाढा. मग पंगतीत जिलेबी वाढावी तशा त्याने एकेक कडी वाढत नेली आणि मी प्रत्येक वेळी वर चढून, वाकून, “आणखी एक” असे खालच्या आवाजात म्हणत गेलो. आठव्या कडीला रस्ता दिसला. नववीची गरज उरली नव्हती. चिमट्याची हँडलपर्यंत जाणारी नळी मूळ लांबीची होती म्हणून इतक्या तरी मावल्या; आधीच्या मालकाने ती कापलीच नव्हती, आणि का कापली नव्हती हे मला तेव्हा कळले. हवा कापणाऱ्या त्या निमुळत्या फ्रेमच्या डोक्यावर आता वीटभट्टीच्या धुराड्यासारखा काळा मनोरा उभा होता. मेकॅनिकने हातात करवत घेतली आणि नळीच्या उरलेल्या बोटभर टोकाकडे दाखवले.

“कापू का सर? एकदा कापलं का मग वाढत नाही.”

“राहू द्या.”

त्याने करवत ठेवली आणि टेप काढला. एक टोक फरशीवर अंगठ्याने दाबून धरून मला दिले, दुसरे गादीपर्यंत नेले, डोळे बारीक करून आकडा वाचला. अठ्ठ्याण्णव. मी वही उघडली. एका रकान्यात ९८, शेजारी आगाऊ लिहिलेले ९४. खिशातून पेन काढून मी ९४ वर एक आडवी रेघ मारली, खाली आद्याक्षरे केली, तारीख घातली. तेवीस वर्षांच्या नोकरीत दोन्ही बाजू पहिल्याच फेरीत इतक्या तंतोतंत जुळल्याचे मला आठवत नव्हते. मेकॅनिकने कड्यांच्या मनोऱ्यावर बोटाने एक टिचकी मारून पाहिली. आवाज चांगला खणखणीत आला.